कित्तूरच्या देसायांचा वाडा आणि आईची चाल: तीन दिवस

दिवस पहिला, शनिवार. बेळगाव ते कित्तूर

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. डॉक्टरांनी सांगितलंय रोज चाला, सपाट जमिनीवर चाला, जिने आणि चढ सध्या नको. त्यामुळे घराजवळच्या मैदानाला फेऱ्या मारून मारून ती कंटाळून गेली होती, तीच झाडं तेच बाक, आणि एक दिवस मला म्हणाली, "कुठंतरी दुसरीकडं चालायला ने की रे मला." आता आमच्याकडे बघायला किल्ले काय कमी आहेत काय, खरं राजहंसगड म्हटला तरी चढ आला, वल्लभगड म्हटला तरी चढ आला. मग कित्तूर डोक्यात आलं. भुईकोट किल्ला, आत देसायांच्या वाड्याचं मोठं आवार, गवत, झाडं, सगळं पायाखाली सपाट. शाळेतून सहलीला एकदा गेलो होतो तेव्हा पळत बघून बाहेर आलो होतो, लक्षात काहीच राहिलं नव्हतं.

आम्ही तिघं निघालो, मी, आई आणि माझी मुलगी. मुलगी सातवीत आहे. बायकोला सुट्टी मिळाली नाही म्हणून ती राहिली. सकाळी सातला बेळगावातून बाहेर पडलो, डिसेंबर असल्यामुळे हलग्यापर्यंत धुकं होतं, मग हिरेबागेवाडी गेलं की उजाडल्यासारखं झालं. एम. के. हुबळीला मलप्रभेच्या पुलावर आईने नेहमीसारखे हात जोडले. तिचं माहेर खानापूर, नदी उगम पावते कणकुंबीला, म्हणजे खानापूर तालुक्यातच, त्यामुळे मलप्रभा कुठेही दिसली तरी तिला ती माहेरचीच वाटते. तिथंच एका टपरीवर गरम सुसला आणि मिरची भजी खाल्ली, चुरमुऱ्याचा सुसला असा मऊ आणि आंबट-तिखट पाहिजे की वर चहाच पाहिजे, दुसरं काही नको.

कित्तूर बेळगावपासून पन्नासेक किलोमीटर, हमरस्त्याला लागूनच, धारवाडच्या साधारण अर्ध्या वाटेवर. गावात शिरलं की घोड्यावर बसलेल्या राणी चन्नम्माचा पुतळा दिसतो आणि तिथून किल्ला अगदी जवळ. गाडी लावली, आईने काठी घेतली, आणि आम्ही आत गेलो.

आता थोडा इतिहास सांगतो कारण तो माहीत नसेल तर समोर नुसत्या पडक्या भिंती दिसतात. कित्तूरचे देसाई मूळचे सागरकडचे, शिमोग्याच्या बाजूचे. आधी संपगावला होते, सतराव्या शतकात अल्लप्पगौडा देसाई कित्तूरला आले आणि किल्ला त्यांच्याच काळात उभा राहिला. कित्तूरची ही देसगत, म्हणजे देसायांच्या ताब्यातला मुलूख, मोठी, शेकडो गावांची. हैदर-टिपू एका बाजूला, पेशवे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हे. मल्लसर्ज देसाई टिपूच्या कैदेतून सुटून आले, पुढे पेशव्यांना दरवर्षी पावणेदोन लाखांची खंडणी कबूल करून त्यांनी गादी राखली आणि शेवटी दुसऱ्या बाजीरावाने पुण्याला नेऊन अडकवून ठेवल्यावर 1816 मध्ये परतताना गेले. चन्नम्मा ही त्यांची धाकटी राणी, माहेर काकतीचं, म्हणजे आमच्या बेळगावच्या वेशीवरचं. 1818 मध्ये इंग्रजांनी बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा मल्लसर्जांच्या मुलाने इंग्रजांना मदत केली होती. सहाच वर्षांनी तो निपुत्रिक गेला, जाण्याआधी दत्तक घेतला होता, आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे म्हणाला दत्तक मान्य नाही, खजिन्याला सील. डलहौसी यायला अजून चोवीस वर्षं होती, तरी संस्थान खालसा करायचा तोच प्रकार इथे होऊन गेला. 23 ऑक्टोबर 1824 ला थॅकरे तोफा घेऊन किल्ल्याच्या दारात आला, दार उघडून कित्तूरचं सैन्य बाहेर पडलं आणि थॅकरे तिथेच मारला गेला. सत्तावन्नच्या तेहतीस वर्षं आधी. मग डिसेंबरच्या सुरुवातीला इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला.

आम्ही गेलो तेही डिसेंबरच. मुलीने वहीत तारखा लिहून घेतल्या आणि म्हणाली, "म्हणजे असंच थंडीत झालं असणार हे." मला तो विचारच कधी आला नव्हता.

आत गेल्यावर वाटा बऱ्यापैकी सपाट आहेत. आईला मी सांगून ठेवलं होतं की दमलीस की बस, कसली घाई नाही. एक जण सकाळी झाडलोट करत होता, त्याने आईची काठी बघितली आणि लांबूनच हाक दिली, "निधानक बर्री अज्जी." सावकाश या म्हणून. आईला कानडी बोलायला अडखळायला होतं पण समजतं सगळं, तिने हसून हात केला.

वाडा म्हणजे आता जोतं आणि भिंती. छप्पर नाही, मजले नाहीत, लाकूड तर कुठेच नाही. लांबच लांब जोतं, त्यावर खोल्यांच्या रांगा, मधे चौक. पहिली दहा मिनिटं मी फलक वाचत, फोटो काढत फिरलो आणि मागे वळून बघतो तर आई एका भिंतीसमोर उभी, हलेचना. मला वाटलं गुडघा दुखतोय.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. भोकं बघूलालोय."

माझे आज्जा, म्हणजे आईचे वडील, खानापूरचे सुतार. आई लहानपणी कारखान्यातच वाढली, भुशाच्या ढिगात. तिने काठी वर करून भिंतीतली चौकोनी भोकं दाखवली, एका ओळीत, सारख्या अंतरावर. "ही बघ, ही तुळयांची टोकं बसायची भोकं. हितनं तितं किती अंतर हाय बघ, तेवढा एक खण. आणि ही बारकी भोकं हाईत ती कड्यांची. म्हणजे वर कडीपाट होता, माडी होती." मग तिने जमिनीवर बघितलं, दगडी तळखडे शोधले, मधे चौकोनी खळगा असलेला एक दगड सापडला तसा तिचा चेहराच फुलला. "हितं खांब. खांबाचं कुसू ह्याच्यात बसतंय."

तिथनं पुढे वाडा मला दिसायला लागला, खरंच सांगतो. अर्धा तास आधी जिथे नुसत्या भिंती होत्या तिथे आई काठीने एकेक गोष्ट उभी करत चालली होती. हा सोपा असणार, बाहेरची माणसं हितंपर्यंतच. हे माजघर. ही भिंत जाड आहे म्हणजे ह्याच्यावर मजला पेलला असणार, ती बारीक आहे म्हणजे नुसता आडोसा. देवळ्या बघ, ह्या उंचीवर दिवा ठेवला तर बसलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड पडतो. न्हाणीघरांत तर ती किती वेळ रमली, पाणी बाहेर जायच्या मोऱ्या, उतार, सगळं तिने पायाने चाचपून बघितलं. "दोनशे वर्षं झाली आणि उतार बघ अजून बरोबर हाय." माझी मुलगी तिच्या बाजूने वही घेऊन नकाशा काढत होती, आज्जी सांगेल तसा, खांबाला फुली, तुळईला रेघ, आणि प्रत्येक खोलीत आज्जीने दिलेलं नाव. चूक-बरोबर मला माहीत नाही, तज्ज्ञ येऊन वेगळं सांगतील कदाचित, पण भोकं बघून लाकूड ओळखणारी बाई माझ्या घरात आहे हे मला बेचाळीसाव्या वर्षी कळलं.

लाकडाचं काय झालं? किल्ला पडल्यावर वाडा मोडला आणि त्याचं कोरीव सागवान लिलावात विकलं गेलं असं तिथे सगळेच सांगतात. हे ऐकल्यावर आई गप्प झाली. तिला लढाईचं ऐकून जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं ह्याचं वाटलं. "अख्खा वाडा सुटा करून विकला," एवढंच म्हणाली आणि जोत्याच्या कडेवर बसून राहिली. सागवानाचा वाडा मोडायचा म्हणजे काय असतं ते तिला ठाऊक आहे, सांधा न फोडता खिळवलेली पाचर काढायची, तुळई खाली घ्यायची, आकडे घालून ठेवायचे. जितकी माणसं बांधायला लागतात तितकीच मोडायला लागतात. म्हणजे तेव्हा कुठल्यातरी सुतारांनीच ते मोडलं असणार. ते काम करताना त्यांना काय वाटलं असेल, असं ती नंतर गाडीत दोनदा म्हणाली.

वाड्यात एक जागा आहे जिथनं ध्रुवतारा बघायचे म्हणतात, भिंतीतनं आरपार गोल झरोका. दिवसा काय तारा दिसणार, निळं आकाश दिसतं तेवढंच. पण मुलगी डोळा लावून किती तरी वेळ उभी होती, तिला विज्ञानात ध्रुवतारा नुकताच झालाय, तो जागचा हलत नाही म्हणून झरोका एकाच दिशेने रोखून ठेवता येतो हे तिचं तिनेच सांगितलं. मला आवडलं.

आवारातच म्युझियम आहे, सरकारी पुरातत्त्व खात्याचं. तलवारी, चिलखतं, आजूबाजूच्या गावांतल्या मूर्ती आणि शिलालेख, आणि वाड्याची म्हणून ठेवलेली लाकडी दारं. आईसाठी आम्ही तिथे सर्वात जास्त थांबलो. चौकटीवरचं कोरीवकाम बघून लोक पुढे जात होते आणि आई सांधे बघत होती, खाली वाकता येत नाही म्हणून मला वाकायला लावून विचारत होती, खिळा दिसतोय का बघ. मला तर एकही दिसला नाही. आत फोटो काढायच्या भानगडीत पडलो नाही, नुसतं बघितलं.

ज्यांना वडीलधाऱ्यांना घेऊन जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी लवकर जावा, अकरानंतर वाड्याच्या भिंतींमधे ऊन तापतं, सावली फक्त बागेतल्या झाडांची. सगळं आवार सावकाश हिंडायला आम्हाला बसत-उठत तीन तास लागले. चढ नाही, फक्त जोत्यावर जाताना काही पायऱ्या उंच आहेत, तिथे हात द्यायला कोणीतरी पाहिजे. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. 23 ऑक्टोबरच्या आसपास दरवर्षी कित्तूर उत्सव असतो, तेव्हा गर्दी खूप, म्हाताऱ्या माणसांना घेऊन तेव्हा नको.

दुपारी गावात ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी आणि दही असं जेवलो. तिथनं पाच-सहा किलोमीटरवर देगाव आहे, कदंबांच्या कमलादेवी राणीने बाराव्या शतकात बांधलेलं कमलनारायणाचं देऊळ, आतलं दगडातलं काम बघून डोळे फिरतात, पण आईचे पाय दमलेले, म्हणून तिने प्रदक्षिणा न घालता आत बसूनच बघितलं. संध्याकाळी बैलहोंगलला पोचून लॉजवर मुक्काम. आईने पायाला तेल लावलं आणि नऊला झोपली.

दिवस दुसरा, रविवार. बैलहोंगल आणि शिरसंगी

हा दिवस निम्मा गाडीतच गेला त्यामुळे थोडक्यात.

बैलहोंगलला चन्नम्माची समाधी. किल्ला पडल्यावर तिला इथे कैदेत ठेवलं आणि 1829 मध्ये ती इथेच गेली. समाधीभोवती बाग आहे, सकाळी गावातले लोक चालायला येतात. आईने त्यांच्याबरोबर चार फेऱ्या मारल्या, एका तिच्याच वयाच्या बाईशी गाठ पडली, ती कानडीत बोलत होती आणि आई मराठीत, विषय गुडघे, आणि दोघींचं सगळं एकमेकींना कळत होतं. त्या बाईचं ऑपरेशन अजून व्हायचंय, घाबरली होती. आईने साडी थोडी वर करून टाक्यांचे व्रण दाखवले, बस-उठ करून दाखवली. जाताना त्या बाईने आईला डोक्यातला मोगऱ्याचा तुकडा काढून दिला.

बैलहोंगलच्या पुढे माती बदलते. काळी कुळकुळीत जमीन, हरभरा, ज्वारी, मधे मधे कापूस, आणि झाडं अगदी विरळ. खानापूरकडच्या माणसाला इथे सगळं उघडं उघडं वाटतं. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकून अडकून आम्ही सौंदत्ती तालुक्यातल्या शिरसंगीला पोचलो.

शिरसंगीला जायचं कारण माझं स्वतःचं. मी बेळगावच्या लिंगराज कॉलेजला होतो, तीन वर्षं त्या नावाखालनं रोज आत-बाहेर केलं आणि लिंगराज कोण हे धड माहीत नव्हतं. लिंगराज देसाई 1861 चे, शिरसंगीच्या देसाई घराण्यात दत्तक आलेले. ह्यांना वारस नव्हता. कित्तूरचा दत्तक नाकारून इंग्रजांनी सगळं घेतलं, आणि ऐंशी वर्षांनी ह्या देसायांनी आपली देसगत मृत्युपत्र करून मुलांच्या शिक्षणाला देऊन टाकली. 1906 मध्ये ते गेले, त्यानंतर त्या ट्रस्टच्या पैशावर लिंगायत समाजातली किती मुलं शिकली, परगावी जाऊन शिकली. 1933 मध्ये बेळगावात कॉलेज निघालं त्याला त्यांचं नाव पडलं. देणारा लिंगायत होता, ट्रस्ट त्या समाजासाठी होता, पण कॉलेज निघालं आणि त्यात माझ्यासारखा खानापूरच्या सुताराचा नातूही शिकून बाहेर पडला. म्हणून एकदा त्या गावच्या मातीत उभं राहायचं होतं.

वाडा आणि गाव बघत सावकाश चालत राहिलो. आईला विचारलं काय काय दिसतंय, ती म्हणाली, "हितं काय सांगायचं, नांदता वाडा बघितला की कळतंयच की." मग तिने विचारलं, तुझ्या कॉलेजची फी किती होती रे? मी सांगितली. ती फी भरायला आज्जांनी एक वर्ष रंधा आणि करवतीचा जोड विकला होता हे तिने मला तिथे सांगितलं, पहिल्यांदाच. मी काय बोलणार, तिचा हात धरून चालत राहिलो. कालिकादेवीच्या देवळात जाऊन आलो, आईने नारळ दिला. देवी तिकडच्या सुतार-लोहारांची, विश्वकर्मा लोकांची फार मानाची आहे, हे मला माहीत नव्हतं, आईला होतं, आणि त्यासाठीच ती कुरकुर न करता एवढा वेळ गाडीत बसली होती.

परतीला कित्तूरवरून बिडीमार्गे खानापूरला मामाकडे मुक्काम. बिडीच्या पुढे झाडी सुरू झाली, काच खाली केली की भाताच्या पेंढ्याचा वास, आणि आई म्हणाली आता आलं बघ आपलं रान. रात्री मामीने लाल तांदळाचा भात आणि कुळथाची आमटी केली होती.

दिवस तिसरा, सोमवार. नंदगड

मुलीची शाळा बुडली, खरं तिच्या आईला फोनवर तिनेच पटवलं की हा इतिहासाचा तास आहे म्हणून.

नंदगड खानापूरपासून जवळ, मामाही बरोबर आला. कित्तूर पडल्यावर चन्नम्माच्या सैन्यातल्या संगोळी रायण्णाने दत्तक मुलाला गादीवर बसवायचं म्हणून जंगलातनं लढाई चालू ठेवली, सरकारी कचेऱ्या जाळल्या. फितुरीने तो पकडला गेला आणि 26 जानेवारी 1831 ला नंदगडला त्याला फाशी दिली. समाधीवर त्याच्या साथीदाराने वडाचं रोप लावलं असं सांगतात, तो वड आता एवढा पसरलाय की भर दुपारी खाली गारवा असतो. आईला चालायला ही जागा सगळ्यात जास्त आवडली, मऊ माती, सावली. ती आणि मामा दोघं भावंडं वडाभोवती फिरत होती आणि मी मुद्दाम मागे राहिलो. लहानपणी आज्जांबरोबर बैलगाडीतून ती नंदगडच्या बाजाराला यायची, पाट-पोळपाट विकायला, ते सगळं मामाला आठवत होतं, कोण कुठे बसायचं, गूळ कुठनं घ्यायचे.

मुलगी कानडी फलक वाचून आज्जीला मराठीत सांगत होती. शाळेत तिला कानडी आहे, मला येतं तेवढं बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो, ती भराभरा वाचते. तिने वहीतला कित्तूरचा नकाशा मामाला दाखवला. मामाही सुतारच, त्याने तो उलटा-सुलटा करून बघितला आणि पेन्सिल मागितली. "हा खण एवढा मोठा न्हाई घेत, मधे अजून एक खांब पाहिजे, न्हाईतर तुळई वाकतेय." आई म्हणाली तिथे तळखडा दिसला नाही. मामा म्हणाला मातीत गेला असेल. मग दोघांचं वडाखाली बसून अर्धा तास ह्याच्यावरच चाललं, शेवटी ठरलं की उन्हाळ्याच्या आत मामाला घेऊन परत कित्तूरला जायचं आणि टेप लावून मोजायचं.

वडाच्या फांद्यांना लोकांनी छोटे छोटे लाकडी पाळणे बांधलेत. मूल व्हावं म्हणून नवस बोलतात आणि पाळणा बांधतात. वाऱ्यावर ते हलतात, एकमेकांवर आपटून बारीक आवाज येतो. निघायच्या आधी आईने एक पाळणा हातात धरून खालून बघितला, मग दुसरा बघितला.

"सगळ्यांना खिळे मारल्यात," ती मामाला म्हणाली. "तू एक बिनखिळ्याचा करून दे मला."

"कोणासाठी?"

बैलहोंगलच्या बागेतल्या त्या बाईची सून पाच वर्षं वाट बघतेय, ते तिने आईला सांगितलं होतं. मामा म्हणाला, पंधरा दिवसांत करतो, जांभळाचं लाकूड हाय घरात. तांदळाची एक पिशवी डिकीत टाकली आणि आम्ही पाचच्या आत बेळगावला पोचलो.